दुसऱ्या कडव्यातली उडी

माझ्या कानांचा मला जरा गर्व आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हैसूरजवळ हूटगळ्ळीच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो, तिथे माझं कामच यंत्रांजवळ उभं राहून ती ऐकायचं. कुठलं बेअरिंग झिजत आलंय, कुठल्या पंख्याचा तोल गेलाय, हे उपकरणाने सांगायच्या आत मला कळतं. निदान मी तसं सांगत असतो. सांगलीहून म्हैसूरला आलो तेव्हा दोन-तीन वर्षं काढून परत जायचं ठरवलं होतं. मग इथल्याच एका मराठी घरात लग्न झालं आणि परत जायचं राहून गेलं.

बायकोचं माहेर म्हैसूरच्या जुन्या अग्रहार भागात. तिच्या खापरपणजोबांपासून ही माणसं म्हैसूरची. घरात मराठीच बोलतात, पण ती मराठी मध्येच कन्नडच्या गल्लीत शिरते आणि दोन घरं ओलांडून परत बाहेर येते. पहिल्यांदा गेलो तेव्हा सासरे म्हणाले, "जावई, सुम्ने बसा." मी दचकून ताठ बसलो. ‘सुम्ने’ म्हणजे ‘उगीच, निवांत’ हे बायकोने घरी आल्यावर सांगितलं. तोवर माझी पाठ दुखायला लागली होती.

बायको त्यांना अप्पा म्हणते, म्हणून मीही अप्पा म्हणतो. सासूबाई अम्मा. अप्पांनी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर शिकवायला वर्ग उरला नाही, म्हणून तो रविवारी घरात भरायचा. सकाळी उपीट आणि कॉफी झाली की अप्पा हात धुऊन, पंचाने कोरडे करून, तबकड्यांच्या कपाटाकडे जायचे. चाळीसेक तबकड्या, सगळ्या मराठी भावगीतांच्या. पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाच्या हाती यादी देऊन त्यांनी त्या आणवल्या होत्या. "तुम्ही इतकं शुद्ध मराठी कुठे शिकलात?" असं कुणी विचारलं की ते त्या कपाटाकडे बोट दाखवायचे.

त्या चाळिसांत एक छोटी तबकडी त्यांची फार लाडकी. लग्नात त्यांनी ती अम्मांना भेट म्हणून आणली होती. गाणं फारसं कुणाला माहीत नसलेलं. सांगलीत माझ्या कानावर ते कधीच पडलं नव्हतं. त्याच्या दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ आली की अप्पा तर्जनी वर करायचे आणि आम्ही सगळ्यांनी गप्प व्हायचं.

"नदीच्या काठी वाट नको विचारू."

गाणाऱ्या बाई ही ओळ एकदाच म्हणतात आणि परत धृपदावर जातात. अप्पा मात्र तिच्यावरच थांबायचे.

"बघा जावई, काय सांगितलंय! वाट कुठे विचारायची? रानात. बाजारात. नदीच्या काठी पोचलात की वाट संपली की नाही, अल्वा? आता उतरायचं, नाहीतर मागे फिरायचं. विचारायचं काही राहत नाही. एवढ्या पाच शब्दांत सांगितलंय त्या कवीनं."

मी मान डोलवायचो. अकरा वर्षं डोलवली. माझ्या तयार कानाला तिथे तबल्याचा ठेका अडखळल्यासारखा वाटायचा, आणि मी एकदा तसं म्हणालोही. अप्पा गालात हसले. "ती छुपी मात्रा आहे. संगीतकारानं मुद्दाम ठेवलीय. सगळ्यांना नाही कळत." मला कळली होती, म्हणजे मी त्या ‘सगळ्यां’त नव्हतो, या आनंदात मी पुढे काही विचारलं नाही.

या ओळीने घरात बरीच कामं केली होती. अप्पांच्या निवृत्तीच्या भाषणाचा शेवट या ओळीच्या कन्नड भाषांतराने झाला होता आणि म्हणे हेडमास्तरांचे डोळे भरून आले होते. माझ्या बायकोने दहा वर्षांची असताना मराठी मंडळाच्या गणपतीत हे गाणं म्हटलं होतं. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्या बाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं, "छान म्हटलंस गं, पण मधले शब्द राहिले वाटतं?" अप्पांनी घरी येताना रिक्षात निकाल दिला होता, "शहरातली माणसं ती. त्यांना नीट ऐकायला वेळ कुठे?"

अप्पा पंचाहत्तर वर्षांचे झाले तेव्हा मी त्यांच्यासाठी एक छोटा स्पीकर आणला. त्यात जुन्या मराठी गाण्यांचा मोठा साठा भरलेला. सगळी मूळ ध्वनिमुद्रणं नव्याने साफसूफ केलेली. खरखर काढलेली, वाद्यं वेगवेगळी उमटवलेली. मला वाटलं होतं, म्हातारा हरखून जाईल.

अप्पांनी तीन गाणी डोळे मिटून ऐकली. मग डोळे उघडून खुर्ची हातभर मागे सरकवली.

"काय झालं अप्पा?"

"या बाई फारच जवळ येऊन गातात हो. आमच्या तबकडीत त्या तिकडे, खिडकीपाशी उभ्या असतात. इथे एकदम कानाशी आल्या. या वयात बरं दिसत नाही ते."

अम्मा स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "येऊ दे की जवळ. मी काही म्हणणार नाही."

मग दर रविवारी आमची जुगलबंदी सुरू झाली. आधी तबकडी, मग तेच गाणं स्पीकरवर. मी म्हणायचो, बघा, बासरी आत्ता पहिल्यांदा नीट ऐकू आली. ते म्हणायचे, बासरी मागे असायलाच हवी, ती काही नवरी नाही. मी म्हणायचो, खरखर गेली. ते म्हणायचे, खरखरीबरोबर खोलीपण गेली, आता बाई हवेत तरंगत गातात. सर्वांत मोठी तक्रार वेगळीच होती. "बाईंचं वय कमी केलंय यांनी. आमच्या तबकडीत चांगल्या पोक्त आहेत. इथे कॉलेजातली मुलगी झाल्या. हे संगणकावर करतात. गालाला पावडर लावल्यासारखं."

ही तक्रार मात्र माझ्या कानालाही पटली. स्पीकरवरचा आवाज खरोखरच चढा होता. मी पुढच्या रविवारी त्या छोट्या तबकडीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवला आणि मोबाइलवर वेळ लावून फेऱ्या मोजल्या. मिनिटाला पंचेचाळीस हव्यात. त्रेचाळीस भरल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा त्रेचाळीस.

"अप्पा, तुमचं यंत्र हळू फिरतंय. कधीपासून, देव जाणे. बाई पोक्त नाहीत, त्यांना तुम्ही पोक्त केलंय."

भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला हे झोंबलं. त्यांनी चष्मा पुसून स्वतः मोजल्या. मग कागदाचा तुकडा नखाने सोलून काढला. शेवटी म्हणाले, "बरं, तेवढं मान्य." पण लगेच पुढे, "वेग वेगळा आणि प्रामाणिकपणा वेगळा. हळू बोलणारा माणूस खोटं बोलतो असं नाही."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला थांबता येत नाही. मी तिथल्या तिथे साठ्यात त्यांचं लाडकं गाणं शोधलं. मिळालं. लावलं.

पहिलं कडवं झालं. अप्पा तोंड वाकडं करून ऐकत होते. दुसरं कडवं आलं. सवयीने त्यांची तर्जनी वर गेली. आणि कॉलेजातल्या त्या मुलीने स्वच्छ, ठेक्यात, एकही मात्रा न लपवता म्हटलं:

"नदीच्या काठी वाट पाहते कुणाची ते नको विचारू."

तर्जनी तशीच वर राहिली. बायको हातातला कप खाली ठेवत म्हणाली, "हे काय?" मी गाणं मागे नेऊन परत लावलं. तेच. बिचारी नदीकाठी कुणाची तरी वाट बघत उभी होती आणि मैत्रिणीला लाजून सांगत होती, कोण ते विचारू नकोस. अध्यात्माचा तिच्या आसपासही पत्ता नव्हता.

मला हसू आलं. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की ते मी गिळलं.

अप्पा उठले. "शब्द घातलेत," ते म्हणाले. "तीन शब्द. पाहते, कुणाची, ते. आत्ताच्या लोकांना सगळीकडे प्रेम लागतं. मूळ ओळ समजली नाही, म्हणून घुसडलेत."

"अप्पा, बाईंचाच आवाज आहे. त्या आता कुठून येऊन..."

"संगणक! तुम्हीच सांगितलंत ना, आता काहीही करता येतं म्हणून?"

सांगितलं होतं. गेले दोन महिने मी त्यांना तेच ऐकवत होतो.

दुपारच्या जेवणापर्यंत अप्पांनी दोन पानी पत्र लिहून काढलं. ध्वनिमुद्रण कंपनीच्या व्यवस्थापकांना. ‘सुधारणेच्या नावाखाली आपण कवीच्या आशयाचा जो विपर्यास केला आहे’ अशी सुरुवात, आणि शेवटी ‘एक व्यथित श्रोता’. मी महाराष्ट्रातला म्हणून शुद्धलेखन तपासायचं काम माझ्याकडे आलं आणि पत्र टाकायचंही. दोन ऱ्हस्व-दीर्घ सोडले तर पत्र निर्दोष होतं. अवघड होतं ते टाकणं. ते वाचून कुणीतरी अनोळखी माणूस हसेल, आणि माझ्या सासऱ्यांना हसायचा हक्क मी अजून कुणाला दिला नव्हता.

म्हणून मी पुढच्या रविवारी कारखान्यातलं भिंग खिशात घालून गेलो. आम्ही झिजलेले भाग बघायला वापरतो ते. अप्पा देवळात गेले होते. मी तबकडी खिडकीशी धरली. दुसऱ्या कडव्याच्या जागी एक बारीक, तिरपी रेघ होती. चार-पाच खाचा कापत गेलेली. सुई तिथे पोचली की दोन खाचा ओलांडून पुढे उडी मारत असणार. तीन शब्द आणि एक मात्रा त्या उडीत जात होती. अकरा वर्षं मी त्या उडीला मान डोलवली होती, आणि मी पगार घेतो तो यंत्रातला बिघाड कानाने ओळखण्याचा.

"सापडली का?"

मागे अम्मा उभ्या होत्या. हातात अवरेकाळूचं, म्हणजे पावट्याच्या दाण्यांचं ताट.

"अम्मा, ही रेघ..."

"माहीत आहे मला. मीच पाडलीय."

त्या खाली बसल्या आणि भिजलेल्या दाण्यांची सालं काढता काढता बोलू लागल्या. लग्न होऊन बेळगावहून आल्या त्याला महिनाही झाला नव्हता. ते गाणं त्यांना लग्नाआधीपासून येत होतं. बेळगावात रेडिओवर लागायचं, म्हणून त्यांनी कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं आणि नवऱ्याने लग्नात नेमकी तीच तबकडी आणली. स्वतः ती अजून ऐकलीही नव्हती. मुहूर्तासारखं, रविवारी दोघांनी मिळून ऐकायची असं ठरलं होतं. अम्मांना रविवारपर्यंत धीर धरवला नाही. नवरा शाळेत गेल्यावर त्यांनी एकट्यानेच लावली. दारात कुणाची तरी चाहूल लागली, त्यांनी घाईने सुईची दांडी उचलायला हात घातला आणि सुई सर्रकन तबकडीवरून ओढली गेली.

"तीन दिवस मला जेवण गेलं नाही हो. रविवारी यांनी लावली. मी दाराआड उभी. म्हटलं, आता सुई उडणार, आता हे विचारणार. उडाली. आणि हे एकदम खुर्चीतून उठले, ‘वा! काय ओळ आहे!’ मला बोलावून समोर बसवलं आणि अर्धा तास अर्थ सांगितला. नदी काय, काठ काय, माणसाचा जन्म काय. मी वीस वर्षांची. काय सांगणार?"

"मग नंतर कधी?"

"नंतर कधी सांगायचं ते तुम्हीच सांगा. पहिल्या वर्षी भीती वाटली. मग पोरं झाली. मग यांनी शाळेत भाषण केलं. हेडमास्तर रडल्यावर कसं सांगायचं?"

मी तबकडी परत पाकिटात घातली. अम्मांनी मूठभर साल काढलेले दाणे पातेल्यात टाकले. "तुम्ही काही बोलू नका. ते पत्र टाकूही नका. मी बघते."

अम्मांनी बघायला तीन आठवडे लावले. दरम्यान अप्पा दर रविवारी मला विचारायचे, "पोचलं असेल नाही आता?" आणि मी टपालखात्याबद्दल काहीतरी मोघम बोलायचो. पत्र माझ्या ऑफिसच्या बॅगेत, डब्याच्या कप्प्यात होतं. त्याला लिंबाच्या लोणच्याचा वास यायला लागला होता.

चौथ्या रविवारी अप्पांनी तबकडी लावलीच नाही. स्पीकरकडेही पाहिलं नाही. खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. बायको आणि अम्मा जमिनीवर बसून कोसंबरीसाठी काकडी चिरत होत्या. आणि मान खाली घालूनच अम्मा गुणगुणायला लागल्या. मी लग्नानंतर त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. आवाज वयाने कापत होता, पण सूर पक्का. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं तेव्हा वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

"नदीच्या काठी वाट पाहते कुणाची ते नको विचारू," अम्मांनी म्हटलं, आणि चिरायच्या थांबल्या.

"तूपण त्या स्पीकरवरून शिकलीस?" अप्पांनी विचारलं.

"नाही. बेळगावात शिकले."

"कधी?"

"लग्नाआधी." मग त्यांनी एका दमात सगळं सांगितलं, दार, चाहूल, दांडी, रेघ. शेवटी म्हणाल्या, "चुकलं माझं."

बायकोने विळी मिटून बाजूला ठेवली. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एकादशी शोधू लागलो.

अप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग त्यांनी जे विचारलं ते मला अनपेक्षित होतं. तबकडीबद्दल नव्हतं ते.

"म्हणजे त्या दिवशी मी अर्धा तास जे सांगितलं, तेव्हा तुला खरी ओळ माहीत होती?"

"होती."

"आणि तू ऐकून घेतलंस."

"चांगलं सांगितलंत तुम्ही. मला तोवर वाटत होतं, नवरा फक्त गणितं सांगणारा मिळाला."

"हसली नाहीस?"

"स्वल्प. पदर धरला होता तोंडावर."

अप्पांचे खांदे हलायला लागले. क्षणभर मला वाटलं, रडताहेत. मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले तेव्हा कळलं की ते हसताहेत, आवाज न करता, वर्गात हसू आलेल्या शिक्षकासारखे. "अय्यो," ते म्हणाले, "हेडमास्तर! तो बिचारा मरेपर्यंत ती ओळ सांगत होता हो सगळ्यांना!" यावर अम्मा सुटल्या, मग बायको, मग शेवटी मलाही परवानगी मिळाल्यासारखं वाटलं.

हसणं ओसरल्यावर मी बॅगेतून पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वासावरूनच ओळखलं असावं. उघडलं नाही. "टाकलं नाहीत ते बरं केलंत," एवढंच म्हणाले. आणि मग, हरलेला माणूस शेवटचं प्यादं सरकवतो तसं, "पण जावई, दोन्ही ओळी बाजूला ठेवून बघा. माझी जास्त चांगली आहे. अल्वा?"

मी खरंच विचार केला. "हो अप्पा," मी म्हणालो. आणि ते खोटं नव्हतं.

त्या दिवशी जेवणानंतर त्यांनी अम्मांना पूर्ण गाणं म्हणायला लावलं. अम्मांनी आढेवेढे घेतले, पाणी प्यायलं, "साकु, पुरे आता, पुढच्या वेळी" म्हणून पाहिलं, पण म्हटलं. मी गुपचूप मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलं. मध्ये शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी आली, रस्त्यावर फुलवाली ओरडून गेली. गाणं संपल्यावर मी लावून दाखवलं. अप्पा मान हलवत ऐकत होते. अम्मांचा चेहरा मात्र पडत गेला.

"एवढा म्हातारा आवाज आहे माझा?"

"छान आहे अम्मा. अगदी खरा आहे."

"खरा राहू दे. तुम्हाला येतं ना ते, साफसूफ करायचं? ती शिट्टी काढा. ती फुलवाली काढा. आणि आवाजाला स्वल्प..." त्यांनी हाताने हवेत इस्त्री फिरवल्यासारखं केलं. "कॉलेजातली मुलगी नको. पण लग्न ठरलेली तरी वाटू दे."

"एका शब्दाला हात लावायचा नाही!" अप्पा खुर्चीतून गरजले. "आहे तसं ठेवा. कुकरसकट!"

मला शिट्टी काढता आली, फुलवाली अर्धीच निघाली. अम्मांना मी ते पाठवलं आहे आणि त्या रोज सकाळी कॉफी उकळताना एकदा ऐकतात. अप्पांच्या मोबाइलवर मूळ आहे. रविवारी आम्ही गेलो की दोघं आपापले मोबाइल माझ्यापुढे धरतात आणि विचारतात, कुठलं चांगलं. माझ्या कानाची एवढी परीक्षा कारखान्यातही कुणी घेतलेली नाही. मी आधी जेवून घेतो.